टेबलाखालचा शेरा

माझ्या खोलीत एक प्रश्न विचारायला सक्त मनाई आहे: ‘आज शाळेत काय शिकलात?’

शाळा चारला सुटते. आईबाप साडेसहापर्यंत कामावर. मधले अडीच तास पहिली-दुसरीची बावीस पोरं माझ्या ताब्यात, शाळेच्याच मागच्या खोलीत. सुरुवातीला मीही दारातच हा प्रश्न विचारायचे. मग एके दिवशी चिमटीनं (चिमटे काढते म्हणून चिमटी) दप्तर भिरकावून जाहीर केलं, “आता अजून कुणी विचारलं तर मी चावेन!” चावण्यापेक्षा नियम बरा, म्हणून सगळ्यांनी मिळून नियम केला. जो विचारेल तो टेबलाखाली जाणार आणि टेबलाच्या खालच्या बाजूला खडूनं लहानपणीचा एक उपद्व्याप लिहून बाहेर येणार. तिथं लिहिलेलं बाहेर बोलायचं नाही.

टेबल जुन्या प्रयोगशाळेतलं, चांगलं लांबरुंद, वर जमिनीपर्यंत लोंबणारं कापड. आजवर अकरा आया, सात बाबा आणि नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर असे सगळे त्याखाली जाऊन आलेत. मोठ्या बाईही, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. मांजराच्या पिल्लाचा संबंध होता, एवढंच.

तर याच मोठ्या बाईंना गेल्या महिन्यात माझी खोली डोळ्यांत खुपायला लागली. कुणीतरी त्यांच्या डोक्यात त्या जागी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग काढायचं खूळ भरवलं होतं. “तुमच्याकडे मुलं नेमकं करतात काय?” त्या म्हणाल्या. “दंगा,” मी म्हणाले. माझी जीभ अशी नको तिथं खरं बोलते. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, त्यांचा अहवाल वाईट आला तर खोली गेली, असं ठरलं. तपासणीच्या दिवशी तर सकाळीच बाईंनी माझ्याकडून खोलीची किल्लीसुद्धा काढून घेतली.

मी घाबरले. माझं काय, मी दुसरं काहीतरी बघेन. पण ही बावीस पोरं चार वाजता कुलूप लावलेल्या घरी जाऊन पायरीवर बसतील, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याशिवाय करमत नाही.

म्हणून मी खोटेपणा केला. सुबक अक्षरात वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटवलं: चार ते सव्वाचार एकाग्रता, सव्वाचार ते पावणेपाच मणी ओवणे, पुढे सुविचार वगैरे. साहेब असेपर्यंत शहाण्यासारखं वागायचं, अशी आठवडाभर तालीम घेतली. मोठ्या माणसाच्या परवानगीनं फसवायला मिळतंय म्हटल्यावर पोरं हरखून गेली.

साहेब आले ते कडक इस्त्रीत. पँटची घडी अशी, की सुरीऐवजी वापरावी. हातात फॉर्म, मागे दारात मोठ्या बाई. पोरं रांगेत बसून मणी ओवत होती. इतकी शांतता त्या खोलीत कधी झाली नव्हती. मलाच कसंतरी व्हायला लागलं. साहेब मान डोलवत, फॉर्मवर खुणा करत फिरले. आता दोन मिनिटांत सुटलो, असं वाटलं, तेवढ्यात ते चिमटीसमोर वाकले आणि लाडानं म्हणाले, “मग, आज शाळेत काय शिकलीस?”

बावीस हात थांबले. कुणाचे तरी मणी घरंगळत गेले.

“टेबलाखाली!” चिमटी ओरडली.

“काय म्हणते ही?” साहेबांनी मला विचारलं. मोठ्या बाई दारातून डोळ्यांनी ‘नाही, नाही’ करत होत्या. मला हसण्यावारी नेता आलं असतं. पण चिमटी माझ्याकडे टक लावून बघत होती. आठवडाभर हिला खोटं शिकवलं, आता नियमही खोटा ठरवायचा?

“हा प्रश्न इथं विचारायला बंदी आहे. टेबलाखाली जाऊन लहानपणीचा एक उपद्व्याप लिहावा लागेल, साहेब,” मी म्हणाले. “इथं सगळे जातात.” आणि खडू पुढे केला.

साहेबांनी खडूकडे पाहिलं, पँटच्या घडीकडे पाहिलं, आणि कापड उचलून आत शिरले.

मग तालमीचा जो बोऱ्या वाजला! मण्यांच्या गोट्या झाल्या, खुर्च्यांचा किल्ला झाला, दोघं जण दप्तरावर डोकं ठेवून सरळ झोपी गेले. चिमटीनं वेळापत्रक काढून त्याची टोपी केली. मी कपाळाला हात लावून बसले. टेबलाखालून आधी खडूचा आवाज आला, मग काहीच नाही.

साहेब बाहेर आले तेव्हा घडी मोडली होती आणि गुडघे पांढरे झाले होते. त्यांनी फॉर्म भरला, मोठ्या बाईंच्या हातात दिला आणि गेले.

बाईंनी मोठ्यानं वाचला. “वेळापत्रक: बनावट वाटते. शून्य. मुले काय शिकतात: विचारायला बंदी आहे. शून्य. शिस्त: नियम पाहुण्यालाही लागू. दहापैकी दहा. बाकीचा शेरा टेबलाखाली लिहिला आहे. मुख्याध्यापिकांनी स्वतः वाचावा.”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे त्यांनी माझं... ते पिल्लू...”

“वाचलं असणार,” मी म्हणाले. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोली जात असली तरी.

बाईंनी फळा पुसायचं फडकं उचललं आणि तरातरा टेबलाखाली गेल्या. फडक्याचा आवाज काही आला नाही. शेवटी मीही कापड उचलून डोकावले. पिल्लाच्या ओळीखाली साहेबांचं बारीक अक्षर होतं:

‘दुसरीत असताना रोज शाळा सुटली की पोट दुखतंय सांगून बाईंच्या खुर्चीजवळ बसायचो. पोट कधीच दुखत नव्हतं. घरी कुणी नसायचं.’

बाईंचं नाक लाल झालं होतं.

त्या बाहेर आल्या, पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “साडेसहाला नीट कुलूप लावत जा,” एवढंच म्हणाल्या. पिल्लाची ओळ तशीच राहिली.

दारापाशी चिमटी वेळापत्रकाची टोपी घालून उभी होती. बाईंनी तिचा गाल थोपटला आणि सवयीनं म्हणाल्या, “मग काय गं, आज शाळेत काय शि...”

चिमटीनं धावत जाऊन टेबलाचं कापड वर उचललं.

बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा वाकल्या.