वाढत्या अंगाचा फ्रॉक

घोटावड्यात पिठाच्या गिरणीला लागून सगुणाबाईंचं शिवणाचं दुकान. पुढच्या खोलीत जित्या माणसांचं काम: ब्लाउज, फॉल-पिको, हिंजवडीला जाणाऱ्या पोरांच्या पँटी आखूड करणं. मागच्या पडवीत मेलेल्यांचं. गावाला त्याचं काही वाटत नसे. कुणाचा बाप स्वप्नात उघडाबोडका दिसला, की तो कापड घेऊन यायचा. शिवलेला सदरा सगुणाबाई दिवेलागणीला ओढ्याकाठच्या उंबराला अडकवून यायच्या. सकाळी तो तिथं नसायचा.

शुभांगी बी.कॉम. झालेली. सून होऊन आली आणि तीही हे काम शिकली. मोठ्यांचं सोपं असतं. माणूस मेला तेवढाच राहतो, त्याच्या जुन्या कपड्यावरून माप निघतं. लेकरांचं तसं नाही. मेलेली लेकरं वाढत राहतात. म्हणून त्यांचे कपडे त्याच वयाच्या जित्या लेकरावर मापायचे, ही या घराची रीत.

आणि कासारसाईची वैजयंता कापड घेऊन आली, तर तिची लेक किमया नेमकी शुभांगीच्या आरोहीच्या वयाची. रांगायला लागली होती तेव्हा तापात गेली. आता असती तर बालवाडीत असती.

"अमोलवर मापलेत की मी कितीजणांचे," सगुणाबाई लेकाचं नाव घेऊन म्हणाल्या होत्या. "काय झालं त्याला? ढेरी सुटलीया."

शुभांगीनं तेव्हा मान डोलावली, पण टेप काही आरोहीला लावली नाही. झोपेतसुद्धा पोरीचं कपाळ चाचपणारी बाई ती. गिऱ्हाईक खोकलं, तरी पोरीला आत न्यायची. तिनं गुपचूप आरोहीचा गेल्या वर्षीचा फ्रॉक कापडावर ठेवला आणि त्याच्या कडेनं कात्री चालवली.

आज भर दुपारी वैजयंता नवं कापड घेऊन परत आली. पायरीवर टेकली, पाणी मागून घेतलं.

"ताई, फ्रॉक तंग होतुया तिला. रोज सपनात येतीया. काखंत काचतंय म्हणती. मला उचल म्हणती, आन् हात काय वर हुईनात तिचे."

आरोहीच्या सर्दीनं शुभांगीला कितीतरी रात्री धड झोप नव्हती. तोंडाला आलं ते ती बोलून गेली. "कापड आटलं असेल."

"धुऊन दिलं हुतं की मी."

आत आडव्या झालेल्या सगुणाबाई उठल्या नाहीत, नुसता आवाज आला. "माप कुणावर घेतलंस गं, शुभांगे?"

"जुन्या फ्रॉकवर," शुभांगी म्हणाली. "माझं मन धजेना, आत्या."

वैजयंता तडकली असती तर बरं झालं असतं. भांडणाला निदान उत्तर देता येतं. ती पदरानं मान पुसत राहिली.

"माजंबी धजलं नसतं," ती म्हणाली.

शुभांगीनं गळ्यातली टेप काढली आणि आरोहीला हाक मारली.

"हात वर कर."

आरोहीनं दोन्ही हात वर केले. नाक वाहत होतं, ते तिनं आधी दंडाला पुसलं.

"कुणाचा फ्रॉक?"

"किमयाचा."

"ती कुठंय?"

"गावाला."

वैजयंता पोरीकडे टाळूपासून टाचेपर्यंत बघत होती. एरवी असं कुणी बघितलं, की शुभांगी पोरीला पाठीशी घालायची. आज तिनं घातलं नाही.

"येवढी झाली व्हय," वैजयंता स्वतःशीच पुटपुटली.

शुभांगीनं माप घेऊन कापड पसरलं, खडूनं रेघा मारल्या. बाही ऐसपैस धरली, खाली दुमडायला भरपूर दाब सोडला.

"वाढत्या अंगाचा करते. ढगळच राहू दे. पुढं दोनतीन वर्षं बघायला नको."

पुढं दोनतीन वर्षं आरोहीला टेप लागायला नको, हे ती बोलली नाही. वैजयंताला ते कळायचं राहिलं नाही. तिनं कापडावर हात ठेवला.

"ढगळ नको, ताई. आत्ता हाय तेवढीच ऱ्हाऊ द्या. मी येते की दर सालाला."

शुभांगीनं आत पाहिलं. सासूनं भिंतीकडे तोंड केलं होतं. आरोही हात तसेच वर धरून कंटाळली होती.

शुभांगीनं अंगठ्यानं खडूची रेघ पुसली आणि आत ओढली.

"या," ती म्हणाली.