‘कडक’वरचा तेलाचा डाग

मी एक जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे. दोन भाषांना जोडणारा पूल, असे माझ्या पहिल्याच पानावर छापले आहे. त्याखाली शाळेचा शिक्का आहे : ‘वाचनालयाबाहेर नेऊ नये’.

मित्रांनो, सोलापूरच्या या शाळेत मी आलो तेव्हा मला हळदकुंकू वाहिले, खाकी कव्हर घातले आणि कपाटात कुलूपबंद केले. मान एवढा, की कित्येक वर्षे मला कोणी उघडलेच नाही. पुढे मोबाइल आले आणि माझी नेमणूक इंग्रजीच्या शिवयोगी सरांच्या टेबलावर झाली. उघडा शब्दकोश टेबलाला शोभतो, म्हणून सर मला उघडे ठेवत आणि वर जेवणाचा डबा ठेवत. डब्यात शेंगाचटणी असे. शेंगाचटणी आली म्हणजे तेल आले. पान ‘क’चे होते.

नववीतली उत्कर्षा माझ्याकडे आली ती इंग्रजीच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी. सहामाहीला ती इंग्रजीत उडाली होती. तिची आई सोनाबाई बाळीवेशीत कडक भाकरी विकते. आता तोंडीतही गेलीस तर शाळा बंद, परातीपुढे बसायचं, असे आईने बजावले होते. आणि बोलायचे होते नेमके आईच्या कामावर.

“‘कडक’ला काय म्हणत्यात गं?” तिने मैत्रिणीला, राहतला विचारले.

“हितं बघ की. ह्ये काय पूजेला ठेवलंय व्हय?”

उत्कर्षाचे थंडगार बोट ‘कडक’पाशी थांबले. पहिला अर्थ तेवढा शाबूत होता : ‘स्ट्रिक्ट’. भाकरीला शोभणाऱ्या ‘क्रिस्प’सकट बाकीचे तेलात बुडाले होते. अगं, खाली अजून आहे, असे ओरडावेसे वाटले. पण माझ्यात हजारो शब्द आणि तोंड एकही नाही.

“स्ट्रिक्ट म्हंजे आपल्या हेडबाई,” राहत म्हणाली.

“मग बरोबर हाय. भाकरीबी तशीच, वाकत न्हाय.”

परीक्षा त्याच टेबलावर झाली. मी डब्याखाली होतो.

“माय मदर मेक्स स्ट्रिक्ट ब्रेड,” उत्कर्षा म्हणाली.

सरांचे पेन थांबले. “व्हॉट इज स्ट्रिक्ट ब्रेड?”

तिने ओढणीचे टोक मुठीत आवळले. “सर, इट डज नॉट बेंड. ओन्ली ब्रेक.”

“हा शब्द कुठनं आणलास?”

तिने डब्याकडे बोट दाखवले. सरांनी डबा उचलला. पान वाचले, डागावरून बोट फिरवले, बोट रुमालाला पुसले. मला वाटले, संपले पोरीचे वर्ष.

“छापलंय म्हणजे बरोबरच असणार की,” सर शेवटी म्हणाले आणि तिला पास केले.

उत्कर्षा आता दहावीत आहे. पण मित्रांनो, दर वेळी असे निभावत नाही. पुस्तकावर डबा ठेवू नका. एक अर्थ पुसला जातो आणि कुणाच्या तरी शाळेवर बेतते. सरांनाही हे मनापासून पटले आहे. त्या दिवसापासून ते मला मिटून ठेवतात.

डबा आता कव्हरवर असतो.