पायसच्या खिशातला शंख

मी एक गोगलगाय बोलतेय. बागेतल्या कुंडीवर दिसते ती नव्हे. ओमानमधल्या सूर शहराजवळच्या खडकाळ समुद्रात राहणारी, शंकूच्या आकाराची, विषारी. माझ्या शंखावरची तपकिरी जाळीदार नक्षी माणसांना फार आवडते. तिथेच सगळा घोळ होतो.

दिवसभर वाळूत पुरून घ्यायचं, अंधार पडला की दुसऱ्या गोगलगाया हुडकायच्या, विषारी दात टोचून गार करायच्या. एवढंच माझं आयुष्य. एका शुक्रवारी ओहोटीच्या वेळी मला पायसने उचललं. तो मूळचा वसईचा, मस्कतला हॉटेलात कामाला.

"जिवंत असेल रे," त्याची बायको हेलन म्हणाली.

"अगं, रिकामा आहे," म्हणत त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं.

गाडी सुरू झाली. खिशात कोरडं, गरम. सारखे हादरे. मी घाबरून चाचपडत राहिले. कापडापलीकडे काहीतरी धडधडत होतं. मी दात मारला.

थोड्या वेळाने पायसचे ओठ बधिर झाले, मग बोटं. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. हेलनकडे लायसन्स होतं, पण हायवेवर त्याने तिला कधी गाडी दिली नव्हती. तिने त्याला बाजूच्या सीटवर सरकवलं, खिशातून मला ओल्या रुमालात धरून काढलं, डब्यात टाकलं आणि गाडी सूरकडे वळवली.

"झोपू नकोस, पायस! माझ्या ड्रायव्हिंगला शिव्या दे, पण बोल!"

"ब्रेक... हळू..." तो पुटपुटला. मग तेही थांबलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डबा उघडून मला पाहिलं. "यावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत श्वासाच्या मशीनवर ठेवू. बाकी इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी हेलन मला घेऊन किनाऱ्यावर आली. वाटलं, आता दगडाने ठेचणार. हॉस्पिटलातून मागून आणलेल्या चिमट्यात तिने मला धरलं.

"नळी काढली त्याची," ती मलाच सांगत होती. "पहिलं काय विचारलं माहितीये? गाडी ठोकलीस का!" ती हसायला गेली आणि रडली. मग मला पाण्यात सोडलं. "जा बाई."

आता मी पुन्हा वाळूत आहे, पण पूर्वीसारखी स्वस्थता नाही. ओहोटीला वर पावलं वाजली की अंग आखडून घेते. तो वाचला, बरं वाटलं. पण उद्या कुणी पुन्हा खिशात टाकलं, तर मी तेच करेन. मला दुसरं काही येत नाही. म्हणून सांगते, वाकून हवं तितकं बघा. फक्त उचलू नका.