मालनबाईंनी मला ‘हो’ म्हटलं तो दिवस

मित्रांनो, छावणीच्या बाजारात सुलेखाताईंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर पिवळा पडलेला एक जुना संगणक दिसतो ना, तो मीच. हसू नका! रंग उडाला असेल, पण डोकं अजून शाबूत आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो अतुल, सुलेखाताईंचा धाकटा भाऊ. त्यानं माझ्यात लिनक्स नावाची, संगणक चालवणारी प्रणाली घातली आणि मला खरी अक्कल आली. दुकान उघडलं त्या दिवशी त्यानं माझ्या पाठीवर थाप मारून बहिणीला बजावलं, "ताई, हा गडी खातो कमी अन् राबतो लई. पण अपडेट आलं की घेत जा. आतल्या प्रोग्रामांमधल्या चुका निघतात, भोकं सापडतात. बनवणारे लोक ती बुजवून पाठवतात. तेवढं घेत राहिलीस तर याला धाड भरत नाय."

ताईंनी मान डोलावली. मग अतुल नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचं बोलणंही त्याच्या मागोमाग गेलं.

काय दिवस होते ते! बारसं, साखरपुडा, गृहप्रवेश, धम्मदीक्षेचा कार्यक्रम, सगळं माझ्या हातून जायचं. लग्नसराईत तर मला दम खायला फुरसत नसे. "लई झ्याक अक्षर आलं!" असं गिऱ्हाईक म्हणालं की श्रेय ताई घ्यायच्या, पण फुगायचो मी.

ताईंच्या सासूबाई, मालनबाई, दिवसभर माझ्याजवळ बसत. मोठ्या जीव लावणाऱ्या! रोज पदरानं माझी काच पुसायच्या. मात्र पडद्यावर ‘अपडेट आलं आहे, घ्यायचं का?’ अशी पाटी आली की त्यांना वाटे, दारावर बोहारीण आली. "आता नको गं बाय, नंतर ये," असं गोड बोलून त्या ‘नंतर’ दाबायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी, पुन्हा ‘नंतर’. अशी वर्षं गेली. मी तक्रार तरी कुणाकडं करणार?

हळूहळू माझी रया गेली. गिऱ्हाइकांनी मोबाईलवरून पाठवलेल्या फायली मला उघडेनात. काही वेबसाईटी तर मला उंबऱ्यातूनच हाकलू लागल्या. "म्हातारा झाला हा," ताई म्हणायच्या. फार लागायचं ते मनाला. म्हातारा नव्हतो हो मी, उपाशी होतो!

आणि यंदाच्या लग्नसराईत नको ते घडलं. जुना प्रिंटर बंद पडला. ताईंनी नवाकोरा आणला, त्याच दुपारी सर्जेराव हजर झाले. हे कन्नड गावाजवळचे शेतकरी, नातीच्या, म्हणजे श्रेयाच्या, पत्रिका न्यायला आलेले. "उद्या कन्नडचा बाजार हाय," ते म्हणाले. "समदे सोयरे तिथंच गावतेत. तिथं वाटल्या तर वाटल्या, नाय तर गावोगाव हिंडायला माझे गुडघे कुठं राहिलेत?"

ताईंनी नवा प्रिंटर मला जोडला. मी त्याच्याकडं नीट पाहिलं. खरं सांगतो, मी त्याला ओळखलंच नाही! तो माझ्या अकलेच्या नंतर जन्मलेला. ‘प्रिंटर सापडत नाही’ एवढंच मी कसंबसं लिहिलं.

ताईंचा पारा चढला. "आज पत्रिका निघाल्या नाहीत ना, तर संध्याकाळी हा डबा भंगारात!"

माझा पंखा गरगरायला लागला. भीतीनं, दुसरं काय!

शेवटी ताईंनी अतुलला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "अपडेट कधी केलं होतंस?"

ताईंनी सासूबाईंकडं पाहिलं. मालनबाईंनीच कबूल केलं, "ते रोज येतंय बाबा. मी रोज वापस लावते त्याला."

अतुल फोनवर खो खो हसला. मग म्हणाला, "भंगाराचं नाव नको काढू ताई. आधी सगळ्या पत्रिका पेनड्राईव्हवर उतरवून घे, मग अपडेट लाव. नव्या प्रिंटरची ओळख त्यातच येईल."

ताईंनी पेनड्राईव्ह भरला. मालनबाईंनी तो पदराच्या गाठीत बांधून टाकला. पडद्यावर प्रश्न उभा राहिला, ‘पुढे जायचं का?’ ताईंनी पुढं केलेलं बोट मागं घेतलं. बिघडलं तर?

"सरक पोरी," मालनबाई म्हणाल्या. "रोज मीच हाकलते त्याला, आज मीच घरात घेते." आणि त्यांनी ‘हो’ दाबलं.

अहाहा! भराभर ओळी धावू लागल्या. सर्जेराव वाकून बघत होते. "काय करायलंय हे?"

अतुल फोनवरून म्हणाला, "काका, एक प्रोग्राम आला की त्याला लागणारे बाकीचे सोबत येतात."

"म्हंजी वऱ्हाडच की!" सर्जेराव खूश झाले. "एकाला आवतण द्यावं, तर चुलता, मेव्हणा अन् मेव्हण्याचा साडू!"

वऱ्हाड मोठं होतं, वेळ लागणार होता. मालनबाई चहा ठेवायला उठल्या. उठताना भिंतीवरचं बटण बंद करायची त्यांना जुनी सवय, वीज फुकट जायला नको म्हणून. हात बटणावर गेलासुद्धा!

"ओ मालनबाई!" सर्जेराव ओरडले. "वऱ्हाड मांडवात शिरायलंय अन् तुमी मांडवच उपटायलात व्हय!"

मालनबाईंनी चटका बसल्यागत हात मागं घेतला. सगळे पोट धरून हसले. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

शेवटी मला एकदा डोळे मिटून उठायचं होतं. पडदा काळा झाला. मालनबाई माझ्या काचेवर वाकल्या, "सुलेखा, गेला का गं हा?"

जातोय कुठं! मी डोळे उघडले. उटणं लावून न्हाल्यासारखं हलकं वाटत होतं. शेजारी पाहिलं, तर प्रिंटर! अरे, हा तर आपलाच माणूस! मी हाक मारली, त्यानं ओ दिली, आणि सर्रकन श्रेयाची पत्रिका बाहेर आली.

"निघाली, निघाली!" ताई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या. "भंगारात म्हणाले रे तुला, तोंड जळो माझं!"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मुका गडी रोज अशी पाटी दाखवत असेल. आपलं काम जपून ठेवा आणि त्याला ‘हो’ म्हणा. आम्ही लवकर म्हातारे होत नाही हो, आम्हाला लवकर म्हातारं ठरवलं जातं.

उन्हं उतरली तशी सर्जेरावांनी गठ्ठे पिशवीत भरले. पहिली पत्रिका त्यांनी देवासाठी वेगळी ठेवली. दुसरी पाकिटात घालून पेन काढलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "यालाबी आवतण द्यायचं. नाव काय घालू?"

ताई हसू लागल्या. संगणकाला कुठं नाव असतं?

मालनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझी काच पुसली आणि म्हणाल्या, "लिवा, मालनबाईचा थोरला."