बोनायाची बंद प्लेट

ज्याच्या गाडीचा ऑईलचा चेंबर मार्साबितच्या काळ्या दगडांनी कधी फोडला नाही, त्याला बोनाया ड्रायव्हर मानायचा नाही. आणि ज्याचा फोडला, त्याला माणूस मानायचा नाही. असा हा गृहस्थ. तीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून त्याला एवढंच कळलं होतं की जगातली निम्मी माणसं मूर्ख असतात आणि उरलेली निम्मी त्याच्या गॅरेजात येतात.

त्या दिवशी गॅरेजात जावईच आला. कोइनेट नारोककडचा, गवताळ मुलखातला, गाईंमध्ये वाढलेला. बोनायाच्या मुलीने, दिरामूने, दोन वर्षांपूर्वी त्याच्याशी लग्न केलं, तेव्हापासून सासरा त्याला पाठीमागे ‘गवतवाला’ म्हणायचा, आणि बऱ्याचदा तोंडावरही. दोघं मैकोनाला दिरामूच्या आत्याला भेटायला निघाली होती. वाटेत दगडावर आपटून गाडीच्या पोटाखालची, चेंबरला दगडांपासून वाचवणारी प्लेट दुभंगली आणि ऑईलचा चेंबर चेपला.

“या, जावईबापू,” बोनाया म्हणाला. “तुम्हाला दगड दिसला नाही, की दगडाला तुम्ही दिसला नाहीत?”

चहा पीत बसलेली माणसं हसली. बोनाया गाडीखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, “ही प्लेट की चाळणी? पीठ चाळता काय यातून?”

पातळ पत्र्याच्या त्या प्लेटला पंजा आत जाईल एवढी चार भोकं होती.

“भोकं मीच पाडलीत, मामा,” कोइनेट म्हणाला. “आमच्याकडे गवत आत शिरतं. सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून तापतं. दर दोन तासांनी हात घालून काढावं लागतं.”

“गवत!” बोनाया बाहेर आला तो टाळी वाजवतच. “ऐकलंत का रे? यांच्याकडे इंजिनाला गवताची भीती आहे! आमच्याकडे गवत शेळ्या खातात हो, जावईबापू.”

कोइनेटने भिंतीवर टांगलेली एक हलकी, जाळीची प्लेट दाखवली. बोनायाने तिच्यावर टिचकी मारली आणि नाक मुरडलं.

“ही नैरोबीच्या साहेबलोकांची. गाडी हॉटेलसमोर लावायची आणि फोटो काढायचा. तुम्ही ही घ्या.” त्याने कोपऱ्यातून एक जाडजूड पोलाद फरफटत आणलं. जुन्या टँकरच्या सांगाड्यातून त्याने ते स्वतः कापलं होतं, ठोकून वाकवलं होतं. पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सच्या मागपर्यंत सलग, कुठे फट नाही. “डोंगर आपटला तर डोंगर फुटेल.”

“चांगली आहे, मामा. हिलाच भोकं पाडून द्या. आणि नट हाताने सुटतील असे ठेवा.”

“खिडक्या हव्यात? पडदेपण लावून देतो.”

पुन्हा हशा. दिरामू इतका वेळ टायरवर बसून होती. ती उठली. “आबा, आमचं घर या गाडीवर चालतं. माणसं नेतो, सामान नेतो. त्याच्या रानातलं त्याला कळतं, जरा ऐका ना.”

“म्हणूनच सांगतोय, पोरी. चेंबर फुटला की इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं की बस मग गाई वळत.”

कोइनेटने आणखी एकदा, हळू आवाजात, भोकांचं म्हणून पाहिलं. मग तो गप्प राहिला. बायकोच्या बापाशी तोंडाला तोंड द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. बोनायाला मात्र वाटलं, पोराला अक्कल आली. समोरचा भला म्हणून गप्प बसतो आणि हे स्वतःला शहाणे समजतात; अशा माणसांनी जग भरलंय.

बोनायाने प्लेट चढवली. मार्साबितकडची गॅरेजवाली माणसं शेवटी जे करतात तेही केलं: दगडांच्या हादऱ्याने नट गळून पडू नयेत म्हणून प्रत्येक नटावर वेल्डिंगचा एकेक टिपका मारला. हात पुसत म्हणाला, “आता ही तुमच्या नातवंडांनाही सुटायची नाही.”

अकराव्या दिवशी दिरामूचा फोन आला. गाडी जळाली होती.

बोनाया दोन बस बदलून नारोकला पोचला. दगडावर आपटली असेल, टाकी फुटली असेल, पोराने काहीतरी वेडेपणा केला असेल, असं वाटभर स्वतःला सांगत होता.

घराबाहेर कोइनेट सावलीत बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. दिरामूला खरचटलंसुद्धा नव्हतं. बापाला पाणी न विचारताच ती त्याला रानात घेऊन गेली. गवत छातीइतकं उंच, अर्धं वाळलेलं. मधेच काळा गोल, आणि गोलात गाडीचा सांगाडा.

“तीनदा थांबला तो,” दिरामू म्हणाली. “तीनदा खाली झोपला. हात जायला फटच नव्हती. पान्याने नट फिरवून पाहिले, हलेनात. तुमचं वेल्डिंग ना, आबा. मग धूर आला. आधी मला ओढून बाहेर काढलं, आणि मग हा वेडा परत गेला. कडेकडेने जळतं गवत हातांनी उपसत बसला. गाडी वाचवायला.”

बोनाया वाकला. टायर, सीटं, काचा, सगळं गेलं होतं. प्लेट शाबूत होती. एकही टिपका निघाला नव्हता. आतली राख तिने अजून घट्ट धरून ठेवली होती.

परत आल्यावर तो जावयासमोर उभा राहिला. कोइनेट उठून उभा राहिला. सासऱ्याला अवघडल्यासारखं झालंय हे त्याच्या लक्षात आलं असावं.

“मामा, प्लेट चांगली होती,” तो म्हणाला. “मैकोनाहून येताना दोनदा दगडावर आपटलो. चेंबरला साधा ओरखडा आला नाही.”

बोनायाने त्या बोलण्यात टोमणा शोधला. कसून शोधला. टोमणा असता तर त्याने तिथल्या तिथे परतवला असता. तेवढी हुशारी त्याच्यात होती. पण पोरगं खरंच त्याच्या कामाचं कौतुक करत होतं.

“बसा ना, मामा,” कोइनेट म्हणाला. “उन्हातून आलात.”

बोनाया बसला नाही. त्याला बसताच येईना.