सीतारामचा गाल

कोथरूडच्या दत्तप्रसादांना छंद होता जुन्या ठासणीच्या बंदुकांचा, आणि त्यातही खोड अशी, की नुसती बंदूक चालायची नाही. ती पलटणीत कुणाच्या खांद्यावर होती, ते कळलं पाहिजे. शिपायाचं नाव सापडलं नाही तर भिंतीवर जागा नाही! "आमच्याकडे माणसांपेक्षा बंदुकांची चौकशी जास्त होते," असं भाग्यश्रीबाई आल्यागेल्याला सांगायच्या. पण निवृत्त प्राध्यापकच तो, बायकोचं ऐकतो कसला.

त्यांची सगळ्यांत लाडकी बंदूक सीतारामची. दस्त्यावर मोडीत 'सीताराम लोणीकर' असं खरवडलेलं. आणि दस्त्याच्या डाव्या अंगाला, नेम धरताना गाल टेकतो तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. "हा सीतारामचा गाल," असं ते कौतुकाने दाखवत. बोट मात्र कुणाला लावू देत नसत.

तिचा फोटो त्यांनी फेसबुकवर टाकला आणि तो लोणी काळभोरच्या अक्षताने पाहिला. सीताराम तिच्या आजोबांचा पणजोबा. रविवारी ती आजोबांना, नागोरावांना, घेऊन हजर झाली. नागोराव पंच्याऐंशीचे, स्वतः पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. घरात सीतारामची एक वस्तू उरली नव्हती. डोळे मिटायच्या आत त्याच्या बंदुकीला एकदा हात लावायचा, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

दत्तप्रसाद तर हरखूनच गेले. साक्षात सीतारामचं रक्त दारात!

"हे बघा काका, इथे गाल टेकायचा तो," ते म्हणाले. "म्हणजे बंदूक उजव्या खांद्याला लावायचा."

नागोरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मंग ही त्याची न्हाई."

"अहो, नाही कशी? नाव आहे, गाव आहे!"

"आमचा पणजा डावरा हुता. पंगतीत डाव्या हातानं जेवायचा म्हनून कडंला बसवायचे त्याला. मीबी डावराच. आमच्यात चालतच आलंय ते."

दत्तप्रसादांचं डोकंच चालेना. नाव खोटं म्हणावं, की गाल? लोणीत दुसरा कुणी सीताराम होता का? की ह्यानेच बंदूक पुढे दुसऱ्याला दिली? इतकी वर्षं ज्या गालाचं कौतुक केलं, तो भलत्याचाच निघावा! बरं, म्हातारा खोटं कशाला बोलेल? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी काही उलगडेना. नियम मात्र नियम होता. त्यांनी बंदूक उतरवली आणि खालची नावाची पाटी काढायला हात मोकळा हवा, म्हणून ती सरळ नागोरावांकडे दिली.

"जरा धरा हो काका."

नागोरावांनी ती धरली. क्षणभर तोलली, आणि सवयीनेच उचलून खांद्याला लावली. गाल बरोबर झिजल्या जागी टेकला.

"आजोबा, तुम्ही तर लेफ्टी ना?" अक्षता म्हणाली. "मग राइट शोल्डरला कशी लावलीत?"

"पलटणीत डावं चालत न्हाई, पोरी. रांगेत समद्यांच्या बंदुका येका अंगाला पायजेत. उस्तादानं छडीनं ह्यो हात फोडला हुता माजा, तवा कुठं..."

म्हाताऱ्याने दस्ता गालाशी आणखी घट्ट धरला.

दत्तप्रसादांना हायसं वाटलं आणि लगेच पुन्हा गोंधळ उडाला. म्हणजे ती सीतारामची असू शकत होती. पण मग डावरा काय नि उजवा काय, पलटणीत कुणाचीही झीज डाव्या अंगालाच पडणार. मग तो गाल सीतारामचा, असं तरी कशावरून? इतकी वर्षं आपण काय दाखवत होतो लोकांना?

"मास्तर, खरं सांगा," नागोराव म्हणाले. "हाय का ही त्याची?"

हो म्हणावंसं फार वाटलं त्यांना. एवढं आशेने विचारत होता बिचारा.

"मला नाही सांगता येत काका," ते म्हणाले. "खरंच नाही कळत आता."

पाटी हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. भाग्यश्रीबाई पुढे आल्या, ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि भिंतीवर होती तिथे परत लावली. या वेळी टोमणा मारला नाही.

नागोरावांनी गाल उचलला नव्हता. डोळे मिटले होते आणि पाणी त्या गुळगुळीत लाकडावर उतरत होतं.

"लई मारलं असंल त्याला," ते म्हणाले.