गिरजाबाईंची पकड

मी हाताची पकड मोजणारं यंत्र बोलतोय. एक दांडी, वर तबकडी, तबकडीत काटा. मुठीत धरून दाबलं की काटा चढतो आणि हातात किती जोर आहे ते कळतं. काम एवढंच, पण तेही मला कोणी धड करू देत नाही.

कारखान्यातून मी थेट हाडांच्या डॉक्टरांच्या संशोधनात आलो. साध्या पडण्यानं ज्या वयस्क बायांचं मनगट मोडलं, त्यांचा हात तपासायचा, हाडं तपासायची आणि पुढे खुबा मोडू नये म्हणून आधीच औषध सुरू करायचं. त्या संशोधनात काम करणारी भाविका मला पिशवीत घालून शहापूर-मुरबाडची गावं फिरते.

बाया मला दाबतच नाहीत. लोकांची वस्तू, मोडली तर? म्हणून अंडं धरावं तसं धरतात. पुरुषांचं काही मोडलेलं नसतं, तरी तेच पुढे. दातओठ खाऊन पिळतात आणि वर चहाची पैज लावतात.

किन्हवलीजवळच्या गिरजाबाई ओट्यावरून घसरल्या होत्या, तेव्हा डावं मनगट मोडलं. आता ते जुळलं होतं. त्यांनीही मला हळूच धरलं.

"वैनी, पापड धरलाव का?" नुकताच मला पिळून झालेला त्यांचा म्हातारा दीर लडकू म्हणाला.

गिरजाबाईंनी मला उजव्या हातात घेतलं आणि असं दाबलं की काटा लडकूच्या आकड्यापुढे गेला.

"झाले ना पास?"

"मावशी, मोडलेला हात द्या," भाविका म्हणाली.

"हा पण माझाच हाय ना?"

भाविकानं समजावलं, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. शहापूरला तपासून घ्या. पण पास झालेलं माणूस कशाला जाईल? ठरल्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढच्या वेळी सून रेश्मा म्हणाली, "कापणीला गेल्यात. काल बांधावरून घसरल्या, पेंढ्यावर पडल्या म्हणून वाचल्या. आयकत नाय कोणाचं."

माझा काटा बघून कोणी आपली हाडं भक्कम समजू नका हो. मी हाडाच्या आत बघत नाही. तुमच्या घरात असं कोणाचं मनगट मोडलं असेल, तर हात बरा झाला म्हणून गप्प बसू नका.

परवा भाविका पुन्हा गेली. मला बाहेर काढलंच नाही.

"आज यंत्र नाय आणलास?" गिरजाबाईंनी विचारलं.

"गाडीत आहे. शहापूरपर्यंत हवं तेवढं दाबा."

त्या चढल्या. वाटभर उजव्या हातानं मला पिळत राहिल्या. मी मुकाट सोसलं. मग भाविका खिडकीबाहेर बघतेय असं पाहून त्यांनी मला डाव्या हातात घेतलं आणि सगळा जोर लावला. काटा जेमतेम हलला. त्यांनी तबकडीवर पदर ओढला.



"शहापूर किती लांब हाय गो अजून?" मग त्यांनी विचारलं.